नामंजूर

"मावशी, चहा नामंजूर."

आमच्याकडे राहायला आल्यावर दुसऱ्याच सकाळी जोसेफनं मला हे ऐकवलं. आलं कमी पडलं होतं म्हणे. मी म्हटलं, "मेल्या, तू भाडेकरू आहेस की न्यायाधीश?"

हा आफ्रिकेतला वकील. राज्यघटनेवर पीएचडी करायला नाशकात आला आणि इथल्याच एका लॉ कॉलेजात शिकवायला लागला. देशाचं नाव मी सांगत नाही, त्याच्या डोक्याला आधीच ताप कमी नाहीत. आमच्या गंगापूर रोडच्या बिल्डिंगीत तरी कुणी विचारलं होतं? सगळ्यांच्या लेखी तो 'आफ्रिकावाला'.

मराठी तो शिकला माझ्याकडून आणि सोसायटीच्या नोटिसा वाचून. त्यामुळे बोलणं असं, "मावशी, वांग्याच्या भाजीबाबत माझी लेखी हरकत आहे. लय तिखट." मिसळ खाताना नाकाडोळ्यांतून पाणी वाहायचं, बशी चाटूनपुसून साफ व्हायची, आणि कौतुक काय? "हरकत नाही." मंजूर हा शब्द काही तोंडातून निघायचा नाही.

एकदा विचारलंच. म्हणाला, "आमच्याकडे साहेब विचारतो आणि सगळे मंजूर म्हणतात. माझे वडीलपण म्हणायचे. जमीन गेली, तरी मंजूर."

मग सोसायटीची सभा झाली. माझ्यासोबत तोही येऊन मागे बसला. चेअरमननी वाचलं, "कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये. सगळ्यांना मंजूर?" तोंडात बटाटेवडे कोंबून सगळे म्हणाले, "मंजूर, मंजूर."

"नामंजूर! कारण सांगा."

"भाडेकरूला बोलायचा अधिकार नाही," चेअरमन गुरकावले.

"ज्यांना आहे, ते का बोलत नाहीत?"

झालं! पुढच्याच सभेत ठराव आला, परदेशी भाडेकरू ठेवू नयेत. ज्यांच्या पोरांना यानं फुकट इंग्रजी शिकवलं, त्यांचे हात आधी वर. नामंजूर म्हणणारी मी एकटी. कोण हाकलतंय बघतेच, म्हणून मी पदर खोचला, तर यानंच बॅग भरली. "मावशी, माझ्यापायी तुम्हाला छळतील. आणि तिकडे मला मत तरी आहे."

गेला आणि विरोधी पक्षात शिरला. परवा कुणाच्या तरी मोबाइलवर त्याचा फोटो आला, हातात माइक, समोर तोबा गर्दी. लगेच बिल्डिंगला उमाळा! 'आपला जोसेफ'! सभेत अभिनंदनाचा ठराव. तेच चेअरमन, तेच वडे. "सगळ्यांना मंजूर?"

मी उभी राहिले. "नामंजूर. त्याचं नाव घ्यायची तुमची लायकी नाही." वडा तसाच ठेवून घरी आले.

दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. हे सांगितल्यावर खदखदून हसला. पण हसू मधेच तुटलं.

"काय रे?"

"काही नाही. पक्षातल्या दोघांना उचललंय. मी रोज वेगळ्या घरी झोपतो. इथं चहात आलं कुणी घालतच नाही, मावशी."

मी लगेच म्हटलं, "बास झालं राजकारण. खोली तुझी रिकामीच ठेवलीय, मी भाड्यानं दिलेली नाही. चेअरमनच्या नाकावर टिच्चून ठेवीन तुला. पहिल्या विमानानं निघून ये. ऐकतोयस ना?"

ना हरकत घेतली, ना कारण विचारलं.

"मंजूर, मावशी," तो म्हणाला.

मेल्यानं जन्मात पहिल्यांदा मंजूर म्हटलं, आणि तेही खोटं.