मागे जायला मनाई

छूसकच्या, म्हणजे कोरियातल्या सुगीच्या सणाची बोटीची तिकिटं सकाळी सातला विक्रीला सुटणार होती आणि प्यो दोंगसू त्याआधीच संगणकापुढे ठाण मांडून बसला होता. लग्न झाल्यापासून दर सणाला त्याची बायको मीरान सासरी भजी तळत आली होती. यंदा मात्र इंचॉनहून बोटीने बेटावर, तिच्या आईकडे जायचं, असा शब्द त्याने दिला होता. मीरानने बॅगसुद्धा भरून ठेवली होती, बिचारीने.

"मिळतील ना हो?"

"अगं, बोटीची साइट बांधली कुणी? मी! आपल्याच घरात शिरायला कसली चिंता?"

खोटं नव्हतं ते. बोट कंपनीच्या संचालकांची तक्रार होती की लोक तिकीट काढताना मध्येच मागच्या पानावर जातात आणि गोंधळ घालतात. दोंगसूने मागे जायचं बटणच बंद करून टाकलं. पानाची मांडणी बिघडू नये म्हणून अक्षरं मोठी करायची सोयही काढून टाकली. कुणीतरी बैठकीत कुरकुरलं, "ब्राउझर लोकांचा आहे, त्यांना हवं तसं वापरू द्या की." त्यावर दोंगसू म्हणाला होता, "ब्राउझर त्यांचा, पण पान आपलं. पाहुण्याने घरातल्या खुर्च्या हलवायच्या नसतात." टाळ्या पडल्या होत्या.

सात वाजले. साइटवरची रांग सरकली, नंबर लागला, दोंगसूने पटापट बटणं दाबली. मीरान खांद्यावरून वाकली.

"अहो, हे बेटावरून इंचॉनला यायचं दिसतंय!"

"कुठे?"

"हे काय! आपल्याला जायचंय, यायचं नाही!"

"मुंगीएवढी अक्षरं ही! मोठी कर बघू."

"होत नाहीत."

दोंगसूला घाम फुटला. "नाहीच होणार. मी बंद केलंय."

"मग मागे जा!"

"तेही बंद."

घाबरून त्याने मागे जायचं बटण दाबलंच. चौकट उमटली: 'चुकीचा प्रवेश. पुन्हा दाबल्यास रांगेच्या शेवटी जाल.' वाक्य त्याचंच होतं.

"आहेत ती तरी घ्या," मीरान ओरडली. त्याने दोन्ही तिकिटांचे पैसे भरले आणि पुन्हा रांगेत उभा राहिला. नंबर लागेपर्यंत जायची सगळी तिकिटं संपली होती.

"पुढच्या वर्षी जाऊ," तो पुटपुटला. मीरान बॅग रिकामी करायला लागली. तिचे डोळे भरले होते, आणि ते मात्र दोंगसूला चष्म्याशिवाय दिसलं. त्याने स्वतःहून सासूला फोन लावला आणि झाला प्रकार सांगितला.

"बोट माझ्याच दारातून सुटतेय ना?" सासू म्हणाली. "मग मीच येते."

बंदरावरच्या खिडकीत तिकिटावरचं नाव बदलून मिळालं. सणाच्या आदल्या दिवशी सासू उतरली. शेजारच्या जागेवर, दुसऱ्या तिकिटावर, किमचीच्या लोणच्याची बरणी बसून आली होती.

घरी पोचताच मीरान आईच्या मांडीवर डोकं ठेवून आडवी झाली आणि दोंगसू भजी तळायला लागला. थोड्या वेळाने बाहेरच्या खोलीतून खरखर आवाज आला. सासूने टेबल खिडकीशी नेलं होतं आणि टीव्हीसमोरची त्याची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली होती.

"इथे उजेड येतो, जावईबापू. चालेल ना?"

मीरान त्याच्याकडे रोखून बघत होती.

"न चालायला काय झालं! घर तुमचंच आहे, आई."

"आणि माझं परतीचं तिकीट?"

दोंगसूने झारा खाली ठेवला. "जायची तिकिटं... संपलीत सगळी."

"बरं झालं," सासू म्हणाली आणि फ्रीज सरकवायला लागली.