नवसाबाईच्या चट्ट्याचे भागीदार

कोणताही रोग नुसत्या औषधाने हटत नाही. त्याला मंडप लागतो. हे सत्य नव्वदच्या दशकाच्या अखेरीस नाशिकच्या काही मान्यवरांना गवसले आणि कुष्ठरोग निर्मूलनात समाजाच्या सर्व घटकांना भागीदार करून घ्यायचे, असे गंगापूर रोडवरच्या एका हॉटेलात, जेवणानंतर, एकमताने ठरले.

कामाची वाटणी न्याय्य झाली. एका कारखान्याने टोप्या दिल्या, द्राक्ष बागायतदारांनी व्यासपीठ, एका क्लबाने भाषणे (गरजेपेक्षा जास्त). गोळ्या सरकारी दवाखान्याने दिल्या, पण त्याबद्दल कोणी फारसे बोलले नाही. लोकसहभाग म्हणून लोकांनी रोगी द्यायचा होता.

हा मान कळवणजवळच्या एका पाड्यावरच्या नवसाबाईला मिळाला. तिच्या दंडावर फिकट चट्टा होता. चुलीतला निखारा उडून त्यावर बसला तरी तिला कळले नाही. जाऊ सिंधुबाईला वास आला, तेव्हा कळले. तेव्हापासून तिची झोप उडाली होती. बोटे वाकली तर शेतात नागलीची रोपे कशी लावायची? गोळी मिळते म्हटल्यावर ती सिंधुबाईला घेऊन तडक मंडपात आली.

तिला व्यासपीठावर नेण्यात आले. गोळ्यांचे पाकीट एक, भागीदार अनेक; म्हणून सगळ्यांनी ते एकदम धरले. क्लबाचे अध्यक्ष शेखरराव फोटोत येईनात, म्हणून पुन्हा धरले. इतक्यात फोटोवाल्याचा रोल संपला. नवा रोल येईपर्यंत कोणी पाकीट सोडेना.

"साहेब," नवसाबाई म्हणाली, "लय जणांनी धरलंय. सोडा की आता. मला गिळायचीय!"

टाळ्या पडल्या. मग तिनेच पाकीट ओढले आणि ओढताना तिचा हात सगळ्यांच्या हातांना लागला. क्षणात व्यासपीठ मोकळे झाले. शेखरराव गळ्यातल्या हारासकट नळावर पोचले. 'हा रोग शिवल्याने होत नाही' असा फलक धक्क्याने पडला. त्यावरून क्लबाची उरलेली कार्यकारिणी पळाली.

मागे राहिली सिंधुबाई. तिने पाण्याचा तांब्या पुढे केला.

"गीळ बाई. आता काय गर्दी नाय."

नवसाबाईने सहा महिने गोळ्या घेतल्या. (सिंधुबाई रोज समोर बसायची; अहवालात तिची नोंद 'इतर' अशी आहे.) रोग गेला, बोटे शाबूत राहिली, नागली वेळेवर लागली.

आनंदाने दोघी नाशिकला आल्या आणि भागीदारांच्या यशसोहळ्यात नवसाबाई स्वतःच्या हाताने पेढे वाटू लागली. बघता बघता सर्व भागीदारांत मधुमेह पसरला. शेखररावांचा उपास निघाला.

"पेढा उपासाला चालतो, दादा," सिंधुबाई म्हणाली.

त्याबरोबर त्यांची दाढ दुखू लागली.

आपण वाचक मात्र सुशिक्षित आहात. आपण पेढा नक्की घेतला असता, नवसाबाईचे तोंडभर कौतुक केले असते, पेढा रुमालात बांधून घरी नेला असता आणि कामवालीला देऊन टाकला असता.