नकाराचं शेत

रविवारी सकाळी अकरा वाजता थर्लोच्या शेतात ऑल्विन कॅटरमोलने बेरिल केरिजला लग्नाची मागणी घातली, आणि बेरिलने ती रजिस्टरमध्ये चढवली. क्रमांक दोनशे बारा.

तशी तिची चूक नव्हती. इंग्लंडातल्या सफक परगण्यातल्या आमच्या मेटल डिटेक्टर क्लबात नऊ माणसं आहेत. दर रविवारी कानाला हेडफोन लावून, जमिनीवरून यंत्र फिरवत, एकमेकांपासून पाच पावलं सोडून ती चालतात. काही वाजलं की खणतात. जे निघेल ते सेक्रेटरीकडे द्यायचं. सेक्रेटरी म्हणजे बेरिल. ऑल्विन अकरा वर्षं तिच्या शेजारच्या पट्ट्यात चालत होता. एवढ्या काळात त्याला जमिनीतून बत्तीस बटणं, मेंढीच्या गळ्यातली एक घंटा आणि कोणाची तरी कवळी मिळाली. बेरिलशी बोलायला वाक्य मात्र एकही मिळालं नाही.

जुलैत बार्ली कापून झाली आणि ऑल्विनला थर्लोच्या शेतात चांदीचं एक जुनं नाणं लागलं. सहा पेनींचं, तीनशे वर्षांपूर्वीचं, दोन जागी वाकवून नागमोडी केलेलं. क्लबाचे अध्यक्ष गॅरड यांनी ते भिंगाखाली धरलं आणि सुस्कारा सोडला.

"ही प्रेमाची खूण आहे. पूर्वी पोरगा नाणं वाकवून पोरीला द्यायचा. पोरीने जवळ ठेवलं तर होकार. नको असला तर जाता जाता शेतात भिरकावून द्यायची."

"म्हणजे हा नकार?" ऑल्विनने विचारलं.

"आपल्याला नकारच सापडणार, बाबा. होकार लोकांच्या घरात असतात. तिथे यंत्र घेऊन जाता येत नाही."

त्याच चहाच्या वेळी बेरिलने थर्मासचं झाकण लावता लावता सांगून टाकलं की ऑगस्टअखेर ती वेल्सला बहिणीकडे कायमची राहायला जाणार. इथे तिला धरून ठेवणारं तसं काही नव्हतं. सगळे अरेरे म्हणाले. ऑल्विन बिस्किट चहात धरून बसला, आणि ते विरघळून गेलं तरी बोटं तशीच चहावर धरून बसला.

बोलून जमणार नव्हतं हे त्याला कळत होतं. वाकवून जमेल असं त्याला वाटलं. आता हल्लीचं नाणं वाकवायला रेल्वेचं इंजिन लागेल. पण त्याच्या आजीचं एक नाणं घरात होतं, १९३६ सालचं, निम्म्या चांदीचं. नाताळच्या पुडिंगात ती ते घालायची. ज्याच्या वाट्याला येईल त्याचं वर्ष चांगलं जातं, असं घरात म्हणत. ऑल्विनच्या वाट्याला ते एकदाच आलं होतं, आणि त्या वर्षी त्याची दाढ तुटली होती. त्याच नाण्याने.

त्याने नाणं फडक्यात गुंडाळलं, लोखंडी शिकंज्यात धरलं आणि पकडीने वाकवलं. एकदा इकडे, एकदा तिकडे. मग रविवारी शेतात ते बेरिलच्या हातावर ठेवलं. पाठ केलेलं वाक्य होतं, "बेरिल, हे तुमच्यासाठी." प्रत्यक्षात बाहेर आलं ते एवढंच, "हे."

"अरे वा! आणखी एक?" बेरिलने रजिस्टर उघडलं. "किती खोल होतं?"

ऑल्विनने तिच्याकडे बघितलं. "खूप," तो म्हणाला.

तिने लिहिलं, खूप.

तेवढ्यात गॅरड धावत आले आणि नाण्यावरचं साल बघून त्यांनी टोपीच काढली. "एकोणीसशे छत्तीस! म्हणजे ही प्रथा आपण समजतो त्यापेक्षा दीडदोनशे वर्षं जास्त टिकली! आणि दोन्ही नाणी एकाच शेतात! काय समजलीस, बेरिल? पंचक्रोशीतल्या पोरी नकार द्यायला इथे यायच्या. हे नकाराचं शेत आहे!"

ऑल्विन खरं सांगणारच होता. पण बेरिल नाणं तळहातावर घेऊन हळूच म्हणाली, "कसला बिचारा असेल हो तो. कधीपासून मनात ठेवून असेल. घाम फुटला असेल हाताला. आणि ही बया टाकते बार्लीत! मी असते ना, तर ठेवलं असतं."

 ऑल्विनबद्दल इतक्या मायेने आजवर कोणी बोललं नव्हतं, मग भले ती दुसऱ्याच कोणाबद्दल का बोलत असेना. त्याने तोंड उघडलं.

"तुमच्यासारख्या सरळ माणसाला नाही कळायचं ते, कॅटरमोल," बेरिल म्हणाली.

ऑल्विनने तोंड मिटलं.

पुढचे दोन आठवडे वाईट गेले. बेरिलला त्या पोराचा ध्यासच लागला. तो सुतार असेल का? युद्धावर गेला असेल का? परत आला असेल का? ऑल्विन शेजारच्या पट्ट्यातून ऐकत चालायचा आणि त्या पोराचा त्याला दिवसेंदिवस जास्त राग यायला लागला. बायकांच्या मनात असं घर करून बसणाऱ्या माणसांवर त्याचा मुळीच विश्वास नव्हता. "दारू पीत असेल," एकदा तो न राहवून म्हणाला. बेरिल त्याच्याशी दिवसभर बोलली नाही.

दरम्यान गॅरड यांनी ते छत्तीस सालचं नाणं गावाच्या हॉलमध्ये काचेच्या पेटीत ठेवलं, खाली 'थर्लोचं नकाराचं शेत' अशी चिठ्ठी लावली आणि जिल्ह्याच्या मासिकाला लेख पाठवून दिला. ती चिठ्ठी शेतमालक थर्लोने वाचली. तो तडक गॅरड यांच्या दारात.

"माझ्या शेतात बार्ली येते. नकार नाही. आणि करार काय आहे आपला? सापडेल त्यात निम्मं माझं. कापा ते नाणं."

ऑल्विनला बोलावणं गेलं. तो प्रामाणिक माणूस. थर्लोला फसवणं त्याला जमेना. "ते तुमच्या शेतातलं नाहीच," त्याने सांगून टाकलं.

"मग कोणाच्या शेतातलं?"

ऑल्विन टोपी चढवून घरी निघून गेला. आता आमच्यात दुसऱ्याच्या शेतात न विचारता खणणारा म्हणजे चोर. त्याला क्लबात जागा नाही. मंगळवारी संध्याकाळी सहा वाजता सभा बोलावली गेली. विषय एकच, कॅटरमोलला काढायचं की नाही. आणि बेरिल शनिवारी निघणार होती.

हॉलमध्ये ऊन तिरकं येत होतं. गॅरड मध्ये बसले, थर्लो मातीचे बूट घालून एका बाजूला, बेरिल इतिवृत्त लिहायला टेबलाच्या टोकाला.

"कॅटरमोल, नाणं कुठल्या शेतातलं?"

"शेतातलं नाही. पुडिंगातलं."

बेरिलने लिहिलं, पुडिंगातलं.

"पुडिंगात वाकडं नाणं?"

"तेव्हा सरळ होतं. मी वाकवलं. ऑगस्टच्या तीन तारखेला."

गॅरड यांचा चेहरा उतरला. "अरे, माझा लेख छापायला गेलाय रे! साडेतीन पानं!"

"लेख मरू दे तुमचा," थर्लो म्हणाला. "अहो पण कॅटरमोल, धडधाकट माणूस तुम्ही. चांगलं नाणं वाकवलंत कशाला?"

"द्यायला."

"कोणाला?"

ऑल्विनने साखरेच्या भांड्याकडे बघितलं. साखरेचं भांडं काही मदतीला येईना.

"सेक्रेटरींना," तो म्हणाला.

बेरिलने लिहिलं, सेक्रेटरींना. मग तिने काय लिहिलंय ते वाचलं. मग पुन्हा वाचलं. खोलीत कोणीच हललं नाही. फक्त चहाचं भांडं उकळत होतं, त्याला कोणी काही सांगितलं नव्हतं.

"निम्म्या हिश्श्याचा दावा मी मागे घेतो," थर्लो पुटपुटला.

गॅरड खाकरले. माणूस मोडला तरी अध्यक्ष शाबूत होता. "प्रश्न असा आहे की, हे नाणं सापडलं असेल तर कॅटरमोल दोषी. दिलेलं असेल तर निर्दोष. पण दिलेलं ठरायला ते कोणीतरी घ्यायला पाहिजे. नको असेल तर, प्रथेप्रमाणे..."

"माझ्या शेतात टाकायचं नाही," थर्लो म्हणाला.

सगळ्यांनी बेरिलकडे बघितलं. ऑल्विन सोडून. तो वेल्सच्या दिशेला बघत होता.

बेरिल उठली. काचेच्या पेटीतून तिने नाणं काढलं, खालची चिठ्ठी वाचली, फाडली. जागेवर येऊन रजिस्टर उघडलं, दोनशे बारावर पट्टी ठेवून एक सरळ रेघ ओढली आणि शेऱ्याच्या रकान्यात काहीतरी लिहिलं.

"काय लिहिलंस?" गॅरड यांनी मान उंचावली.

"खोडलेली नोंद पुढच्या सभेत वाचून कायम करायची असते. नियम अकरा. तेव्हा वाचेन."

"अगं, पुढची सभा ऑक्टोबरात. तू तर शनिवारी..."

"सेक्रेटरीशिवाय सभा भरत नाही, गॅरड. नियम चार." तिने पेनाचं टोक पुसलं. "बहिणीला कळवते मी. तिच्याकडे मांजरं आहेत पाच. एकटी नाही ती."

थर्लोला अर्थ लागला आणि त्याने गॅरड यांचा हात हातात घेऊन जोरजोरात हलवला. दुसऱ्या कोणाचा हलवायचा ते त्याला सुचलं नाही. ऑल्विन अजून वेल्सकडे बघत होता.

"ऑल्विन," बेरिल म्हणाली. अकरा वर्षं तो कॅटरमोल होता. "इकडे ये. नोंद खोडली की आणून देणाऱ्याची सही लागते."

तो गेला. डोळ्यांत जरा पाणी होतं म्हणून रकाना त्याला वेळाने दिसला. 'सापडलेलं नाही. मिळालेलं. फार उशिरा.'

"सही कुठे करू?"

"माझं बोट आहे तिथे."

तिने बोट काही उचललं नाही. त्यामुळे सही व्हायला बराच वेळ लागला.