पागींची जर्मन मोटार

जर्मन मोटार विकत घेताना रघुनाथ पागीने बायकोला एवढंच सांगितलं होतं, की असली वस्तू जन्माला पुरते. गोजाबाईने फक्त विचारलं, की कुणाच्या?

संस्थान विलीन झालं तेव्हा जव्हारच्या मोटारखान्यातलं जुनंपानं विक्रीला निघालं. रघुनाथ तिथलाच कारकून. त्या लांबलचक काळ्या गाडीच्या पेट्रोलची नोंद त्याने वर्षानुवर्षं ठेवली, पण बसायला एकदाही मिळालं नाही. तेव्हा कुणीच घेईना म्हटल्यावर त्याने ती घेतली. गाडीचा रुबाब अजून शाबूत होता, फक्त चालायचं तिच्या जिवावर यायचं. प्रत्येक स्क्रूसाठी मुंबईला पत्र टाकावं लागे आणि मुंबईवाले जर्मनीकडे बोट दाखवत. पाण्याच्या पंपापायी गोजाबाईच्या गळ्यातली चांदीची सरी गेली आणि पंप आला तो भलत्याच गाडीचा. मोखाड्याच्या लोहाराने तो ठोकून बसवला. तेव्हापासून चढ दिसला की गाडी उकळायची. रघुनाथ याला गाडीचा स्वभाव म्हणायचा.

गोजाबाईने सरीचं दुःख गिळलं, पण बदल्यात एक अट घातली. तिचं माहेर वांगणीच्या खिंडीजवळच्या पाड्यावर. तिची म्हातारी आई, सोमी, अजून दरीत उतरून डोक्यावरून पाणी आणत होती.

"या धुडाचा कायतरी उपेग करा," गोजाबाई म्हणाली. "प्रांतसाहेबाला बसवून पाड्यावर न्या. त्याच्या डोळ्यानं बघू दे. इहीर झाली नाय, तर मला माहेराला तोंड दाखवाया जागा नाय."

साहेबांची जीप बंद होती आणि जर्मन गाडीत बसायची त्यांनाही हौस होती, म्हणून ते तयार झाले. रघुनाथने पाड्यावर निरोप धाडला, की साहेब येताहेत, सगळ्यांनी घरीच थांबा. लोक मजुरी बुडवून थांबले.

खिंडीचा चढ लागला आणि गाडी स्वभावावर गेली. वाफेचा लोट उठला आणि पाड्यापासून हाकेच्या अंतरावर ती ठप्प झाली. साहेब रुमालाने वारा घेऊ लागले. सासुरवाडीची माणसं घागरी घेऊन धावत येतील म्हणून रघुनाथने भोंगा वाजवला. कुणी येईना, म्हणून आणखी जोरात वाजवला.

इथेच त्याची अक्कल शेण खायला गेली. संस्थानाच्या काळात हा भोंगा खिंडीत वाजला, की शिपाई पाड्यावर शिरत आणि हाती लागेल त्याला वेठीला धरून गाडी ढकलायला लावत. भोंगा ऐकला की पोराबाळांसकट रान गाठायचं, हे पाड्याच्या अंगात मुरलं होतं. विलीनीकरण झालं, वेठ संपली, हे मोखाड्याच्या कचेरीला ठाऊक होतं, पाड्याला कुणी सांगितलंच नव्हतं. रघुनाथ भोंगा दाबत राहिला आणि पाडा रिकामा होत राहिला.

शेवटी साहेब चालत पाड्यावर गेले. दारं सताड उघडी, चुली पेटलेल्या आणि माणूस एक नाही. सोमीच्या ओट्यावर तेवढा तिने दरीतून आणलेला भरला हंडा होता. रघुनाथने तो उचलला आणि मोटारीच्या नरड्यात ओतला. ओतताना त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गाडी पाणी प्यायली आणि जागची हलली नाही.

"पागी, इथे माणूसच नाही. विहीर मागता कुणासाठी?" साहेब म्हणाले. लोक माझ्या भोंग्याला भिऊन पळाले, हे रघुनाथने सांगून पाहिलं. साहेबांना ती थाप वाटली. ते वाटेने जाणाऱ्या बैलगाडीने परत गेले.

मग माणसं रानातून बाहेर आली. सोमीने रिकामा हंडा पाहिला आणि ती मोटारीला मागून हात लावून उभी राहिली.

"कुठवर ढकलायची, जावाय?"

वेठ आता नाही, असं रघुनाथ सांगत होता, तोवर सगळ्यांनी मिळून गाडी पाड्याजवळ नेऊन लावलीसुद्धा.

पुढच्या उन्हाळ्यात विहीर झाली, पण खिंडीत, रस्त्याला लागून. घाटात पाण्यावाचून मोटारींचे किती हाल होतात, हे साहेबांनी स्वतः भोगलं होतं. मोटार उभी असल्याशिवाय रहाटाचं कुलूप काढायचं नाही, असा पहारेकरी पांड्याला हुकूम होता. त्या वाटेला मोटार फिरकायची कधीतरीच. हंडे घेऊन आलेल्या बायकांना पांड्याने हात जोडून परत पाठवलं.

दुसऱ्या दिवशी पाड्याने जर्मन मोटार ढकलत आणली आणि विहिरीशी उभी केली. पांड्याने तिला एक फेरी मारली. मोटार होती आणि उभीही होती. त्याने कुलूप काढलं.

आता बायका रोज पाणी भरतात आणि कुणी साहेब आलाच तर खरं वाटावं म्हणून गाडी घासूनपुसून लख्ख ठेवतात. तिची इतकी निगा संस्थानातही कुणी राखली नव्हती.

रघुनाथला मात्र चैन पडेना. जव्हारच्या बाजारातून एकदा तरी ती गाडी स्वतः चालवत न्यायची, एवढंच त्याला आयुष्यात हवं होतं. त्याने नाशिकहून मिस्त्री आणला. मिस्त्रीने इंजिनात डोकं घातलं आणि म्हणाला, की संध्याकाळपर्यंत पळायला लागेल. रहाटापाशी बायकांनी दोर ओढायचा थांबवला.

सोमी हंडा खाली ठेवून पुढे आली.

"जावाय, एक मागते. हिला चालू करू नका."

रघुनाथने गोजाबाईकडे पाहिलं. ती पदराने मोटारीचं दार पुसत होती. त्याने मिस्त्रीला हत्यारं आवरायला सांगितली आणि नवराबायको मोखाड्याच्या वाटेने पायी घरी निघाले.