रविवारी सुट्टी घेणारा कण

नवा कण सापडला होता, उद्या सकाळी पत्रकार यायचे होते आणि शंकाकाकू शोधनिबंधावर सही करायला तयार नव्हत्या.

काकू म्हणजे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांत ज्येष्ठ शास्त्रज्ञ. पाच वाजले म्हटलं, तरी "कुणाच्या घड्याळात?" असं विचारायच्या, म्हणून हे नाव. तरुण संशोधकाची तीन वर्षांची मेहनत त्या एका सहीपाशी अडली होती. त्यात त्याच्या आईने बातमी मावशीला सांगितली होती, म्हणजे ती जगजाहीरच झाली होती.

"यंत्राने टिपलेले हे जादा ठोके बघा ना, काकू! माहीत असलेल्या एकाही कणाचे नाहीत."

"रविवारी एकही ठोका नाही."

"योगायोग असेल."

"बावन्न रविवार? तुझा कण सरकारी नोकरीत आहे का रे?"

संशोधक चरफडत तारखा काढून बसला. कण संध्याकाळी सहानंतरही येत नव्हता. मार्चमध्ये तर सलग बारा दिवस बेपत्ता!

"तेव्हा यंत्र बंद होतं?"

"नाही. सगळे हजर होते. फक्त..." त्याने जीभ चावली.

"बोल."

"तुम्ही रजेवर होतात, काकू."

दुसरं कुणी असतं तर विषय तिथेच बदलला असता. काकूंनी चष्मा पुसला, वाकून टेबलाखाली हात घातला आणि विजेवर तापणारी शेकायची पिशवी ओढून काढली. दुखऱ्या गुडघ्यासाठी. तिची वायर ज्या प्लगमध्ये गेली होती, त्यावर पाटी होती : 'यंत्राशिवाय इथे काहीही लावू नये.' अक्षर काकूंचंच. पिशवी तापून आपोआप बंद झाली की इकडे यंत्रात ठोका!

"संपलं सगळं," तो तारखांचे कागद गोळा करू लागला.

"संपलं कसं? सिद्ध कुठे झालंय अजून? दहा दिवस पिशवी बंद ठेवून बघू."

सकाळी पत्रकारांसमोर काकू स्वतः उभ्या राहिल्या. "नवा कण सापडला नाही. माझा गुडघा सापडला. चूक माझी. मोजमाप या मुलाचं, आणि ते इतकं बारीक, की त्यातून मीसुद्धा सुटले नाही."

आईने मावशीला हेही सांगितलं.

दहा दिवस काकू लंगडत आल्या. अकराव्या दिवशी त्याने कागद पुढे ठेवला.

"जादा ठोके शून्य, काकू."

"शून्य? इतकं स्वच्छ? यंत्र चालू होतं ना रे?"

ते त्याने आधीच दोनदा तपासलं होतं. तिसऱ्यांदा तपासायला तो उठला. खरं तर त्यालाही आता तीच शंका येत होती.