एका मापाचा माणूस

आमच्या खालच्या मजल्यावरचे सोनवणेकाका भाकरीची जाडी मोजायचे. खोटं नाही सांगत! शर्टाच्या खिशात पेनाऐवजी व्हर्नियर असायचा, भाकरी ताटात पडली की तो बाहेर निघायचा. काकू वैतागून म्हणायच्या, "खा मुकाट्यानं, थंड होते ती."

काका सातपूरच्या एका कारखान्यात तपासनीस होते. उभा जन्म सुटे भाग तपासण्यात गेलेला, त्यामुळे त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकार, 'ओके' आणि 'रिजेक्ट'. जावई ओके, वरच्या बिऱ्हाडातला टेपरेकॉर्डर रिजेक्ट. मी तेव्हा एम.ए. होऊन बिननोकरीची घरी बसले होते, तर जिन्यात भेटले की मला आपादमस्तक न्याहाळून म्हणायचे, "तू अजून इन्स्पेक्शनला आहेस." असा राग यायचा ना! आणि पालुपद एकच, "एकदा दिलेलं माप बदलायचं नाही."

नव्वदीच्या दशकातली ही गोष्ट. अखेर मला एका सर्व्हेचं काम मिळालं. घरोघर जाऊन विचारायचं, झोप कशी लागते, दुखतंखुपतं का, मन रमतं का. पंधरा दिवसांनी परत त्याच माणसाला तेच प्रश्न. उत्तरं जुळली तर प्रश्नावली भरवशाची. लोक तर खेकसायचेच अंगावर. "अगं बाई, परवाच सांगितलं ना, सुखी आहे म्हणून! आता काय लिहून देऊ?"

काका मात्र हरखले. "म्हणजे मोजायचा गेजच तपासायचा! बस, बस. पंधरा दिवसांनी एका खुणेचा फरक पडला तर नाव बदलीन."

"झोप कशी लागते?"

"उत्तम."

"काही उत्तम नही शे!" आतून काकूंचा आवाज आला. "रात्रभर खोकतात!" काकू सटाण्याकडच्या, त्यांच्या बोलण्यात अहिराणी डोकवायचीच. काकांनी ती कधी तोंडातून काढली नाही.

"ते लिहू नकोस," काका मला म्हणाले. "बाहेरचं मत आहे."

"गुडघे दुखतात?"

"मुळीच नाही."

"जिना चढताना देव आठवतो!" पुन्हा आतून.

"मनातलं बोलायला घरात कोणी आहे का?"

"गरजच पडत नाही."

"मी शे ना!" म्हणत काकू पोह्यांच्या बशा घेऊन हसत बाहेर आल्या. काकाही ओशाळं हसले, पण उत्तर काही बदललं नाही.

दुसऱ्याच दिवशी काकू गेल्या. सकाळी ओट्यापाशी चक्कर येऊन पडल्या आणि दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. दशक्रियेला नदीवर, आमच्या गंगेवर, अख्खी कॉलनी होती. काकांच्या डोळ्यांत टिपूस नाही. "दगड आहे बाई नुसता," बायका कुजबुजल्या. मलाही तेच वाटलं.

तेरावं झालं, लेक-जावई परत गेले. मी काकांचं नाव गाळायचं ठरवलं होतं, पण त्यांनीच मला जिन्यात गाठलं. "आज तपासणी आहे ना?"

"काका, राहू द्या."

"अर्धवट काम रिजेक्ट," म्हणाले आणि दार उघडून त्याच खुर्चीत बसले.

"झोप कशी लागते?" मी चाचरत विचारलं.

"उत्तम," म्हणाले आणि थांबले. कान स्वयंपाकघराकडे. आत सगळं सामसूम. मी खूण करणार, तोच त्यांनी हात आडवा घातला. "उत्तम नाही. रात्रभर खोकतो, लिही."

"गुडघे?"

"जिना चढताना देव आठवतो."

मला राहवेना. "काका, मागच्या वेळी उलट सांगितलं होतंत. जुळलं नाही तर तुमचा फॉर्म बाद होईल."

"होऊ दे बाद. तिचं माप बरोबर होतं. खोटं मी दिलं होतं."

शेवटचा प्रश्न गाळून मी फॉर्म मिटायला घेतला. पण काकांना तो पाठ होता.

"मनातलं बोलायला घरात कोणी आहे का?" त्यांनीच विचारलं, स्वयंपाकघराच्या दाराकडे बघत.

मग हळूच, अगदी काकूंच्या सुरात म्हणाले, "मी शे ना."