कमी दाबाचं गुरुत्वाकर्षण

काकूंनी केसांना रंग लावून घड्याळात बरोबर तीस मिनिटं मोजली आणि नळ सोडला. नळ आधी खाकरला, मग त्याने दोन थेंब टाकले आणि गप्प झाला.

सोमवार होता, सकाळचे आठ वाजले होते आणि अकरा वाजता काकूंची मुलाखत होती. सतरा वर्षं त्यांनी रुग्णालयात लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे सरळ केले होते. आता कुठे फिजिओथेरपी विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली होती. त्या जागेसाठी आणखी एक उमेदवार होती, वयाने दहा वर्षं लहान. म्हणून तर हा रंगाचा खटाटोप.

"अहो, पाणी गेलंय," काकूंनी आतूनच सांगितलं.

"पाणी कुठे जात नाही. ते फक्त रूप बदलतं," बाहेरून वर्तमानपत्राआडून उत्तर आलं.

काकूंनी डोळे मिटले. गेली बावीस वर्षं त्या ही अशी उत्तरं ऐकत होत्या. नवरा कॉलेजात भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत सहायक. माणूस निर्व्यसनी, प्रेमळ. पण त्याच्या डोक्यात विज्ञान आणि वात्रटपणा एकाच भांड्यात शिजायचे. इमारतीतली मुलं त्याला प्रयोगकाका म्हणत. अर्ध्या तासापूर्वीच, काकू आरशासमोर ब्रश घेऊन उभ्या असताना, त्याने मागून येऊन समजावलं होतं की प्रकाशाला आरशापासून डोळ्यापर्यंत यायला वेळ लागतो, त्यामुळे आरशात आपण नेहमी क्षणाच्या अब्जाव्या भागाने तरुणच दिसतो, तेव्हा रंगाची खरं तर गरज नाही. काकूंनी ब्रश त्याच्याकडे रोखला, तेव्हा कुठे तो वर्तमानपत्रामागे गेला होता.

काकूंनी डोक्याला प्लास्टिकची पिशवी गुंडाळली, रिकामी बादली उचलली आणि समोरच्या दाराची घंटा वाजवली. समोर शिवणकाम करणाऱ्या ताई राहत. दार उघडताच काकूंना दिसलं ते असं: पाण्याने भरलेले दोन टब, चार बादल्या, एक पातेलं, शिवणयंत्राच्या शेजारी ओळीने मांडलेल्या अकरा बाटल्या आणि फुलदाणीसुद्धा काठोकाठ.

काकूंनी एक बादली मागितली. ताईंचा चेहरा पडला. "दिली असती हो वहिनी, पण अकरापर्यंत पुरवायचंय. तुम्ही नोटीस नाही का वाचली? पुरवठा कमी दाबाने होणार आहे म्हणून."

"नोटीस" हा शब्द कानावर पडताच काकूंच्या मागे येऊन उभे राहिलेले प्रयोगकाका एक पायरी खाली सरकले. बावीस वर्षांच्या संसारात काकूंना ते सरकणं चांगलंच ओळखीचं झालं होतं. त्यांनी एका हातात बादली तशीच ठेवून दुसऱ्या हाताने नवऱ्याचं मनगट धरलं आणि तळमजल्यावरच्या फलकासमोर त्याला नेऊन उभं केलं. फलकावर कागद होता:

"सर्व रहिवाशांस कळविण्यात येते की, देखभालीच्या कामामुळे सोमवारी सकाळी नऊ ते अकरा या वेळेत इमारतीतील गुरुत्वाकर्षणाचा पुरवठा कमी दाबाने होईल. तरी रहिवाशांनी पुरेसा साठा करून ठेवावा व सहकार्य करावे."

काकूंनी तो एकदा वाचला. मग एकेका शब्दावर बोट ठेवून पुन्हा वाचला.

"हे तुम्ही लिहिलंय," त्या म्हणाल्या. तो प्रश्न नव्हता.

"गंमत होती गं," प्रयोगकाका म्हणाले. "वाटलं, वाचतील, थबकतील, दोन घटका हसतील. शनिवारी संध्याकाळी लावली. अख्खा रविवार गेला, एका माणसाने विचारलं नाही. मी दुपारी झोपलोसुद्धा नाही."

त्यांच्या आवाजात खरोखरचं दुःख होतं, आणि काकूंचा संताप त्यामुळेच दुप्पट झाला.

घडलं होतं ते असं. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे निवृत्त मुख्याध्यापक. फलकावरचा प्रत्येक कागद ते लाल पेन घेऊन तपासत. शनिवारी रात्री या नोटिशीत त्यांना "गुरुत्वाकर्षण" शब्दातला रु दीर्घ दिसला. त्यांनी तो ह्रस्व केला, एवढा जड शब्द बिनचूक झाल्याच्या समाधानात खाली शिक्का मारला आणि रविवारी सकाळी रखवालदाराला सांगून घरोघरी सह्या घेतल्या. बत्तीस घरांनी सह्या केल्या. वाचलं कोणीच नाही. "पुरवठा", "कमी दाबाने" आणि "साठा" एवढेच शब्द डोळ्यांखालून गेले, बाकीचं प्रत्येकाने मनाने भरलं. सोमवारी पहाटे पाचपासून जवळजवळ सगळ्या घरांतले नळ एकदम सुटले. सात वाजता गच्चीवरची टाकी रिकामी झाली. ती भरायला खालच्या टाकीवरचा पंप आपोआप सुरू झाला. साडेसातला खालची टाकीही आटली. पंप बिचारा कोरडाच फिरत राहिला आणि पावणेआठला जळाला.

"आता प्रत्येक दारी जायचं," काकू म्हणाल्या, "खरं काय ते सांगायचं, आणि एक बादली पाणी घेऊन यायचं. माझ्याकडे फार तर वीस मिनिटं आहेत. त्यानंतर हा रंग कपाळासकट पक्का होईल."

प्रयोगकाका गेले. पण सत्य सांगणं थट्टेपेक्षा फार अवघड निघालं. पहिल्या मजल्यावरच्या दंतवैद्यांना त्यांनी सांगितलं की पाण्याची टंचाई मुळी नाहीच.

"मग नळ कोरडा का?" दंतवैद्यांनी विचारलं.

"तुम्ही सगळ्यांनी पाणी साठवलंत म्हणून."

"आम्ही का साठवलं? टंचाई आहे म्हणून."

यावर प्रयोगकाकांनी तोंड उघडलं आणि मिटलं. दंतवैद्यांनी व्यवसायाच्या सवयीने त्या वेळात त्यांची दाढ पाहून घेतली आणि दार लावलं. दुसऱ्या मजल्यावर त्यांना थोडा धीर धरायला सांगण्यात आलं. तिसऱ्यावर एका आजोबांनी, सगळं शांतपणे ऐकून घेतल्यावर, टंचाई खोटी असेल तर खरी कधी आहे तेवढं आधी कळवा म्हणून विनंती केली. चौथ्यावर दारच उघडलं नाही. आतून फक्त भांडी हलवल्याचा आवाज आला.

ते रिकाम्या हाताने परतले, तेव्हा काकू स्टूलवर बसल्या होत्या आणि पिशवीतून एक काळा ओघळ कपाळावर उतरत होता. प्रयोगकाकांनी क्षणभर विचार केला, माळ्यावर चढले आणि ऊर्ध्वपातित पाण्याचा पाच लिटरचा डबा खाली आणला. प्रयोगांसाठी त्यांनी तो जिवापाड जपला होता.

"यात एकही क्षार नाही," ओतता ओतता ते म्हणाले. "केसांना खरं तर..."

"ओता," काकू म्हणाल्या.

पाच लिटरमध्ये पुढचे केस धुतले गेले, मागचे नुसते ओले झाले आणि कपाळावर उजव्या भुवईच्या वर रुपयाएवढा काळा डाग राहिला. काकू तशाच मुलाखतीला गेल्या.

संध्याकाळी गच्चीवर सभा भरली. पंप जळाल्यामुळे सगळेच चिडले होते, फक्त कोणावर चिडायचं ते ठरत नव्हतं. प्रयोगकाकांनी उभं राहून कबुली दिली: नोटीस त्यांनीच लिहिली होती, ती थट्टा होती, चूक झाली. ती कोणाला पटेना. मुख्याध्यापकांचं म्हणणं पडलं की आपण स्वतः तपासलेला मजकूर थट्टा असूच शकत नाही. शिवणकामवाल्या ताई म्हणाल्या, पाणी वरच्या टाकीतून खाली येतं ते गुरुत्वाकर्षणानेच ना, मग चुकलं काय? यावर बऱ्याच माना हलल्या. आपण न वाचता सही केली, असं म्हणायला एक जण तयार नव्हता. पुरावा म्हणून मुख्याध्यापकांनी सह्यांचा कागद फिरवला. फिरत फिरत तो काकूंच्या हातात आला.

नवव्या ओळीत त्यांचीच सही होती.

काकूंना आठवलं. रविवारी सकाळी रखवालदार दारात आला, तेव्हा त्या मुलाखतीची उत्तरं पाठ करत होत्या. कागदाकडे न बघताच त्यांनी सही केली होती. त्यांनी हळूच नवऱ्याकडे पाहिलं. तो जमिनीकडे पाहत होता.

"तुम्ही ही सही बघितली होती?" त्यांनी हळू आवाजात विचारलं.

"सकाळीच. रखवालदाराकडे."

"मग बोलला का नाहीत? मी दिवसभर तुम्हाला..."

"तुझ्या हातात बादली होती," प्रयोगकाका म्हणाले.

काकू उभ्या राहिल्या. कपाळावरचा डाग दिव्याच्या उजेडात चांगलाच चमकत होता. त्यांनी कागदावरची नोटीस पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्याने, सावकाश वाचून दाखवली. मग म्हणाल्या, "मी ही न वाचता सही केली. वाचली असती तर मला हसू आलं असतं, आणि आज माझं डोकं नीट धुतलं गेलं असतं. यांचं चुकलं ते चुकलंच. पण माझंही चुकलं."

मग दंतवैद्यांच्या तोंडून "गुरुत्वाकर्षणाचा साठा" असे शब्द निघाले आणि त्यांना हसू फुटलं. ते हसले तसे त्यांच्या शेजारचे हसले. आजोबांना समजायला जरा वेळ लागला, म्हणून ते सगळ्यांच्या नंतर आणि सगळ्यांत जास्त हसले. मुख्याध्यापकही शेवटी हसले, मात्र व्याकरणाच्या दृष्टीने मजकूर निर्दोष होता हे सांगून. शिक्षा म्हणून ठरलं की नवा पंप बसेपर्यंत पाण्याची सगळी जबाबदारी प्रयोगकाकांची, आणि नोटिसाही त्यांनीच लिहायच्या.

पुढचे चार दिवस ते टँकर आणि मेकॅनिक यांच्यामागे पळत होते. त्यांनी एकही विनोद केला नाही. गुरुवारी काकूंना पत्र आलं: जागा त्यांनाच मिळाली होती. मुलाखतीत कोणीतरी डागाबद्दल विचारलं होतं आणि काकूंनी सगळं जसंच्या तसं सांगितलं होतं. अशा घरातून रोज वेळेवर कामावर येणारी बाई काहीही सांभाळू शकेल, असं समितीचं मत पडलं होतं म्हणे. प्रयोगकाकांनी अभिनंदन केलं आणि पंपाकडे गेले. त्यांचं ते मुकाट वागणं काकूंना विनोदांपेक्षा जड जाऊ लागलं.

शुक्रवारी नव्या पंपाचं काम ठरलं. प्रयोगकाकांनी नोटीस लिहिली: शनिवारी सकाळी सहा ते बारा पाणी पूर्ण बंद राहील, कृपया साठा करून ठेवावा. बिनचूक, कोरडी, एका ओळीची. या वेळी ती सगळ्यांनी वाचली. अगदी फलकासमोर उभं राहून, पुन्हा पुन्हा वाचली. ताई त्यांच्याकडे बघून गालातल्या गालात हसल्या. दंतवैद्यांनी जिन्यात पाठीवर थाप मारली. आजोबांनी डोळा मिचकावला. जबाबदारीने वागल्याचं लोकांना कौतुक आहे, असं वाटून प्रयोगकाकांना गहिवरून आलं.

शनिवारी सकाळी साडेसहाला घंटा वाजली. दारात मुख्याध्यापक उभे होते, अंगाला टॉवेल, मानेपर्यंत साबण, हातात रिकामी बादली. त्यांच्या मागे जिन्यात आणखी सात-आठ बादल्या दिसत होत्या.

"मान्य आहे," मुख्याध्यापक म्हणाले. "या खेपेला आम्ही लगेच ओळखलं, आणि हसलोही. पण आता पुरे. सोडा पाणी."